दोन नावांनी लिहिलेले लेख

पिंप्राळ्यात ज्या डॉक्टरताईंकडे मी स्वयंपाकाला जाते, त्या कातडीच्या डॉक्टर आहेत आणि कॉलेजात शिकवतातही. त्या लेख लिहितात हे मला ठाऊक होतं. पण लिहून झाल्यावर त्या लेखांचं पुढं काय होतं, हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना बढतीसाठी अर्ज करायचा होता. लॅपटॉप घेऊन त्या स्वयंपाकघरातच बसायच्या. एकदा चहा ठेवताना मी विचारूनच टाकलं, हे आकडे कसले? त्या म्हणाल्या, आपला लेख वाचून दुसऱ्या कुणी स्वतःच्या लेखात आपलं नाव घेतलं, की इथला आकडा वाढतो. मला गंमत वाटली. आमच्याकडं बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला बायका जमल्या, की पिठाचं माप सांगताना एखादी म्हणतेच, हे मी अमक्या अक्काकडून शिकले. तसंच हे.

"तसंच," ताई हसल्या. "पण माझं कमी भरतंय, अक्का. इतक्यावर बढती नाही मिळायची."

का कमी, तेही त्यांनी सांगितलं. लग्नाआधी धुळ्याला शिकत असताना त्यांनी भाषेवर लिहिलं होतं. खाज, चट्टे, गजकर्ण यांना खेड्यातली माणसं काय म्हणतात, कोणता शब्द डॉक्टरसमोर उच्चारायला लाजतात, असं सगळं. ते लेख माहेरच्या नावानं. मग लग्नात तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही गेलं, आणि नंतरचे कातडीचे लेख नव्या नावानं आले. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बाया.

ताईंच्या सासूबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. नवं नाव त्यांनीच निवडलेलं. "म्हंजे मी ठेयेल नाव कमी पडनं?"

"कमी नाही, आई. अर्धं."

माझंही नाव असंच बदललेलं आहे. जुन्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. म्हणून ताईंनी जुन्या नावाचं पान उघडलं तेव्हा मी हातातलं काम सोडून वाकून पाहिलं. तिथले आकडे थांबलेले नव्हते. लग्नानंतरही दरवर्षी थोडे थोडे वाढत होते. जे नाव या घरात मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, ते परमुलखातली माणसं घेत होती. कोण असतील ती, असं मी विचारलं. ताईंनाही सगळी माहीत नव्हती.

मग त्यांनी दोन्ही नावं जोडली. आकडा एकदम वर गेला, पाहिजे होता त्याच्याही पुढं. ताई खूश झाल्या, यादी वाचत खाली गेल्या आणि मध्येच एका ओळीवर थांबल्या. त्यांच्याच जुन्या नावाची आणखी एक बाई कुठंतरी होती. ती केळीच्या पानांवर पडणाऱ्या ठिपक्यांवर लिहायची. तिचे लेखही यांच्यात येऊन बसले होते.

"ऱ्हाऊ दे ना," सासूबाई म्हणाल्या. "केळीलेबी साल ऱ्हास."

आम्ही तिघी हसलो. हसणं ओसरल्यावरही ताई पडद्याकडं बघतच राहिल्या. हे लेख काढले तर उरेल ते पुरेल का, एवढंच मला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. त्यांनी केळीचे लेख एकेक करून काढले. आकडा उतरत उतरत अगदी काठावर येऊन थांबला. मुलाखतीत कुणी बोट ठेवलं तर संपलं, असं म्हणून त्यांनी अर्ज पाठवला.

मुलाखतीहून आल्या त्या चप्पल न काढताच आत आल्या. निवड झाली होती. आकड्यांबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. एका वयस्कर सरांनी मात्र अर्ज चाळताना विचारलं होतं, हा भाषेवरचा लेख तुमचा? ते मुलांना शिकवताना हाच लेख वाचून दाखवायचे. पुढं या बाईचं नवीन काही येईना, तेव्हा ती वारली असावी असं ते धरून चालले होते.

"मंग तू काय सांगं त्यास्ले?" सासूबाईंनी विचारलं.

ताईंनी आधी तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं.

"म्हटलं, नाही सर. लग्न झालं होतं."