एक लाख चाळीस हजार पत्ते आणि एक ओळ

रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक्स-रे सांभाळणाऱ्या बाईंना सगळे फिल्मकाकू म्हणत. बावीस वर्षं त्यांनी प्रत्येक एक्स-रे संगणकात आपल्या हाताने जागेवर ठेवला. आधी वर्षाचा फोल्डर, त्यात वॉर्ड, त्यात रुग्णाचा सहा आकडी क्रमांक आणि सगळ्यात शेवटी फिल्म. फाइलचा पत्ता असा लांबलचक, मधे तिरप्या रेघा.

आता जुना संगणक सोमवारी बंद होणार होता. ज्या फाइलसमोर सगळ्या पत्त्यांच्या यादीत रुग्णाचा क्रमांक नसेल, ती नव्या संगणकात जाणार नव्हती. पुसलीच जाणार होती. फाइली एक लाख चाळीस हजार. चार महिने डोळे फोडून काकूंनी पत्त्यांतून जेमतेम नऊ हजार क्रमांक उतरवले होते. बाकी फाइलींच्या काळजीने त्यांना अन्न गोड लागेना.

शेवटी शनिवारी सकाळी त्यांनी संकोच सोडून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या भाचीला बोलावलं. तिने कंस, फुल्या, रेघा अशी एक ओळ टाइप केली. कीबोर्डवरून मांजर गेल्यावर उमटावी तशी. ह्याला रेजेक्स म्हणतात, शेवटच्या रेघेआधीच्या फोल्डरचं नाव काढायला सांगितलंय, असं म्हणून तिने बटण दाबलं. काकू चष्मा पुसून डोळ्याला लावेपर्यंत यादीतला क्रमांकांचा रकाना भरलासुद्धा. त्यांनी तोंडात बोट घातलं.

मग सवयीने त्या यादीवरून नजर फिरवू लागल्या आणि थबकल्या. मधेच नुसते एक, नुसते दोन. असे तीनशेच्या वर. काकूंचा चेहरा उतरला, कारण ही त्यांचीच करणी होती. नवजात जुळ्यांना स्वतःचा क्रमांक नसे, म्हणून आईच्या फोल्डरात त्यांनी आणखी दोन फोल्डर केले होते, एक आणि दोन. दोघांच्या छातीच्या फिल्मा एकमेकांत मिसळू नयेत एवढंच त्यांना हवं होतं. आता ती सगळी मुलं हरवणार, असं त्या कशाबशा म्हणाल्या.

भाचीने ओळ बदलली. शेवटचा फोल्डर नको, दोन रेघांमधले नेमके सहा आकडे हवेत. जुळी आपापल्या आईपाशी आली. मग तिने रकान्यातल्या रिकाम्या जागा मोजल्या. एकही नव्हती. तिने पुन्हा मोजल्या, तरी एकही नाही.

काकू म्हणाल्या, यंत्राची कमालच म्हणायची.

"यंत्राची नाही, मावशी," भाची म्हणाली. "ही ओळ फक्त ठरलेला साचा शोधते. लोक कुठे पाच आकडे लिहितात, कुठे फोल्डरच विसरतात. बावीस वर्षांत तुझा साचा एकदाही मोडला नाही. असं मी कधीच पाहिलं नव्हतं."

काकूंना हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. यादी अगदी पहिल्या वर्षापासून दाखव, असं त्या हळूच म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.