मीटिंग कुठे भरते

दादाने एकदाच विचारलं. केळीच्या बागेला पाणी लावून तो ओट्यावर येऊन बसला होता. हात थरथरत होते, म्हणून चहा निवू दिला होता. म्हणाला, "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणतात. कुठे भरते, बघ जरा."

त्याच्या लिव्हरबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचं ते आधीच सांगून झालं होतं. वहिनी दारातच तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. आपण बघितलं तर तो शब्द मागे घेईल, अशी तिला भीती वाटली.

मी गावात विचारायला लागले. ड्राय डेला बाटली कुणाच्या मागच्या दाराने मिळते, हे लोकांनी न विचारता सांगितलं. मीटिंग कुठे भरते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात म्हणाले, नेटवर बघा. नेटवर नालासोपाऱ्यातल्या एका शाळेचा पत्ता होता. रिक्षा करून गेले. वॉचमन म्हणाला, "वो लोग तो कब के गए. अभी इधर क्लास चलता है." कुठे गेले, विचारलं तर हसला. "बेवडा लोग का पता कौन रखेगा, मॅडम?"

दरम्यान वहिनीने तिच्या परीने एक गोष्ट केली. चर्चच्या ऑफिसात जाऊन तिने रविवारच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, हेतू दिला. आमच्याकडे आजारपण, परीक्षा, परदेशची नोकरी, सगळ्यासाठी हेतू देतात. मिस्साच्या आधी ते माइकवरून वाचले जातात आणि सगळे त्यासाठी प्रार्थना करतात. नाव घालू नका, असं तिने सांगितलं होतं. नाव घातलं नाही. घराण्याचं घातलं. घराण्यात पुरुष एकच उरलेला आहे. त्याची व्यसनातून सुटका व्हावी म्हणून सगळ्या चर्चने प्रार्थना केली, आणि तो तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होता.

बाहेर आल्यावर शेजारच्या काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. येत्या शनिवारी त्यांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव होता.

"काय रे, तुझ्यासाठी गुडघे टेकले आज आम्ही! पण शनिवारी यायचं हां. तेवढा एक दिवस घे, मग प्रार्थना लागू."

चारचौघे हसले. त्यांनी मनापासून प्रार्थना केली होती, यात मला शंका नाही. हसलेही तितक्याच मनापासून.

दादा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. "आता कुठली मीटिंग नको," म्हणाला. वहिनी दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही.

मंगळवारी दुपारी सर आले. सर म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. दादाला त्यांनीच शिकवलं. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात दारूचं टेबल असतं, आणि त्यावर ओतायला-राखायला एक न पिणारा माणूस बसवतात, म्हणजे बाटल्या परस्पर गायब होत नाहीत. कित्येक वर्षं हा मान सरांचा आहे. ते पुढच्या दाराने आले नाहीत. विहिरीकडून आले आणि मला म्हणाले, "मीटिंग आपल्याच शाळेत असते. मागच्या वर्गात. शनिवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी जातो म्हणून."

मी गावभर विचारत हिंडत होते. त्यांनाही विचारलं होतं, बाजारात, भाजी घेताना. तेव्हा त्यांनी माहीत नाही म्हणून मान हलवली होती.

"आणि दर मांडवात तुम्ही त्याचा ग्लास भरत होतात," मी म्हटलं. "बघत होतात ना त्याचे हात?"

"बघत होतो. तिथे कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम आहे, बाय. बोर्ड लावला तर कोण येईल?"

"नियम इतरांची नावं सांगू नका असा असेल. जागा सांगू नका असा नाही."

 सर म्हणाले, "जागा सांगितली की गाव पुढचं विचारतं. मला भीती वाटली." मी त्यांना बसा म्हटलं नाही. ते स्वतःच आत गेले, दादाच्या खाटेशी. काय बोलले ते मी ऐकलं नाही. वहिनीने दार लोटून घेतलं होतं.

शनिवारी काकांच्या मांडवात बँड लागला. शाळेची वाट त्या मांडवावरूनच जाते. दादा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. सर आमच्या फाटकाशी उभे होते. दोघे मांडवासमोरून गेले, मी थोडी मागे होते. कुणीतरी ग्लास वर करून हाक मारली. दादा थबकला. सर थांबले नाहीत, आणि एकट्याने तिथे उभं राहायला नको म्हणून असेल, दादाही चालू लागला.

काका तावातावाने माझ्याकडे आले.

"सर कुठे चालले? बाटल्यांवर कोण बसणार?"

गेला आठवडाभर या माणसाने मला एकदाही विचारलं नव्हतं, तुझा भाऊ कसा आहे म्हणून.

"तुम्ही बसा," मी म्हटलं.

 त्यांच्या मागे, टेबलापाशी, लोकांनी आपापल्या हाताने ओतून घ्यायला सुरुवात केली होती.