एल्डन प्रॉस्परचं मत

तुम्ही मेलेल्या माणसाचं मत चोरलंत, साहेब, आणि आता ते माझ्या सहीने पचवायला निघालात. तुमचं नाव लिहीत नाही. तुमची खुर्ची ओळखायला नाव लागत नाही. मराठीत लिहितोय, कारण इथली भाषा मला बोलायला पुरते, चिडायला पुरत नाही. कुणाकडून तरी वाचून घ्या.

मी सगुण परुळेकर, गाव वेंगुर्ला, सातवी नापास. पुढचं जे काही येतं ते जहाजावर रद्दी वाचून आलं. बोटीवर रंगारी होतो. एकोणीस वर्षांपूर्वी या सेंट बर्टिल बेटावर उतरलो आणि बोट माझ्याशिवाय गेली. इथे मला सगळे पेंटर म्हणतात. निवडणूक आली की विजेचे खांब, रस्त्याकडेचे दगड, एकदा तर एका म्हाताऱ्याची शेळीसुद्धा मी पक्षाच्या रंगात रंगवली आहे. अर्धं बेट पिवळं, अर्धं हिरवं. यंदा तुमच्याच कचेरीने मला आमच्या भागाची मतदारयादी घरोघर फिरून तपासायला लावलं. परदेशी आहे, कुणाचा काका-मामा नाही, म्हणून.

आणि आता हा कागद. "एल्डन प्रॉस्पर यास मी त्याच्या राहत्या घरी समक्ष पाहिले." खाली माझ्या सहीची जागा. आमची जागा पिवळ्यांनी एका मताने घेतली, त्या जागेवर सरकार उभं आहे, आणि सोमवारी कोर्टात एल्डनच्या मताची तारीख आहे. सही नाही केली तर माझा राहण्याचा परवाना यंदा वाढणार नाही, हे तुमच्या माणसाने माझ्याच व्हरांड्यात, माझंच लिंबू सरबत पीत सांगितलं.

रविवार आहे. दुपारचे दोन. बाकड्यावर पडलोय, कागद छातीवर. शेजारच्या रेडिओवर पिवळ्यांचं विजयाचं गाणं चाललंय. पत्रा तापून कडकड वाजतो. गाणं हळू होत जातं, जाड होत जातं, पाण्याखालून आल्यासारखं.

"सरक. सगळं बाकडं बापाचं आहे का?"

मी पाय आखडतो. एल्डन बसतो. एल्डन माझा शेजारी, साखरेच्या गिरणीतला जुना माणूस. तेरा वर्षं आम्ही याच बाकड्यावर डोमिनो खेळलो. तो बसतो आणि मला आठवतं.

"एल्डन, तू मेलास."

"मला सांगतोस? मी हजर होतो."

खरंय. अकरा महिने झाले. तो पुढे वाकतो तेव्हा पाठीवर कोट उभा चिरलेला दिसतो. प्रेताला कोट चढवताना असाच चिरतात. तो चिरताना मीच धरला होता.

"कुठे निघालास?" मी विचारतो.

"मत द्यायला. बोलावलंय."

"कुणी?"

"तुझ्या यादीने."

व्हरांड्याला भिंत नाही, पण आता समोर भिंत आहे. पोस्टाची. मतदानाआधी तीन आठवडे यादी तिथे चिकटवतात, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. हरकत कोण घेतो? घेतली की हरकत घेणाऱ्याचं नावही शेजारी चिकटवतात, आणि बेट केवढंसं. लोक यादी बघायला वेगळ्याच कारणाने येतात. ज्यांचं माणूस वर्षात गेलंय ते येतात, त्या माणसाचं नाव शोधतात, आणि त्या नावावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहतात.

मिस आयोना उभी आहे. एल्डनची बायको; इथे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात. तळवा त्याच्या नावावर.

"पेंटर," ती भिंतीकडे बघत म्हणते, जसं तेव्हा म्हणाली होती तसंच, "एवढी एक यादी राहू दे त्याला. इथे तरी तो अजून माझ्या वरच्या ओळीत आहे."

आणि मी नाव खोडायला काढलेली पेन्सिल कानामागे खोचतो, जशी तेव्हा खोचली होती. एवढंच केलं मी. एका बाईला नाही म्हणालो नाही. त्या दयेत तुमचा माणूस शिरला, साहेब.

एल्डन तिच्याजवळ जाऊन उभा राहतो. ती बघत नाही.

"बारीक झाली."

"जेवत नाही नीट."

"सांग तिला की..." तो म्हणतो, आणि पुढचं ऐकू येत नाही, कारण शाळेतली घंटा वाजते.

प्राथमिक शाळेचा वर्ग. फळ्यावर पाढे. पक्षांची माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलीत. आमच्याकडे मतदार आला की कारकून त्याचं नाव खणखणीत पुकारतो, म्हणजे दोन्ही पक्षांना ऐकू जावं. तो पुकारतो.

"एल्डन प्रॉस्पर! गिरणी रस्ता!"

एल्डन पुढे होतो. पण त्याच्या आधी कुणीतरी तिथे पोचलेलं आहे. इस्त्रीचा शर्ट, मान नुकतीच भादरलेली. त्याला चेहरा आहे, नक्की आहे, पण मी बघायला जातो तेव्हा दर वेळी तो नुकताच वळलेला असतो.

"हरकत!" मी ओरडतो.

सगळा वर्ग माझ्याकडे बघतो. त्याच्याकडे कुणीच नाही.

"हरकत कोण घेतंय?"

"मी. तो मेलाय. मी खांदा दिलाय त्याला."

"तुझं नाव?"

मी सांगतो. कारकून सावकाश, सुंदर अक्षरात माझं नाव लिहितो. मग पट्टी ठेवतो आणि त्यावरून लाल रेघ मारतो.

"हा इथला नाही. पुढचा."

"पेंटर," बाकावरून कुणी खिदळतं, "बोट लागलीय तुझी. पळ, नाहीतर ही पण सुटेल!"

पायाला पाणी लागतं. फरशी नाही, धक्क्याच्या फळ्या आहेत, आणि त्यांच्या फटींतून काळं पाणी वर येतंय. समोर जहाजाची भिंत, गंजलेली, मीच कधीकाळी रंगवलेली. मागून कुणी ढकलत नाही, तरी मी पुढे सरकतोय. माझं घर, माझे डबे, मिस आयोनाचं कुंपण, सगळं पाठीमागे लहान होत चाललंय. मला ओरडता येत नाही.

एल्डन माझं मनगट पकडतो. गार, आणि जोर जिवंत माणसाचा.

"सही करणार आहेस का?"

"माझा परवाना आहे रे. मी जाऊ कुठे? तिकडे माझं कोण उरलंय?"

"मी कुणाला मत दिलं, पेंटर?"

"काय?"

"जन्मात हिरव्याशिवाय दिलं नाही. पोराच्या बारशाला पिवळा केक आणला म्हणून मेहुण्याशी भांडलो मी. मेल्यावर कुणाला दिलं? एवढंच सांग, मग जातो."

"मला कसं कळणार?"

"मग शाई दाखव. मत दिलं तर शाई लागली असेल."

तो मोकळा डावा हात पुढे करतो. कोरा. मग पाणी गुडघ्याला लागलेलं असताना मला धरलेल्या हाताकडे हनुवटीने खूण करतो.

मी खाली बघतो. उजवा हात. अंगठ्याशेजारचं बोट नाही. गिरणीच्या पट्ट्याने ते मुळापासून नेलं, मी बेटावर यायच्याही आधी. इथे शाईत उजवी तर्जनीच बुडवतात. एल्डनचं दर वेळी मधलं बोट बुडवायचे आणि वहीत तसा वेगळा शेरा लिहायचे. बाहेर आला की तो अख्ख्या रस्त्याला सांगायचा, "पाच वर्षांतून एकदा सरकारला मधलं बोट दाखवायची परवानगी मला सरकारच देतं!"

आता तो हसत नाही. "बघ," तो म्हणतो आणि आवळतो, हाड दुखेपर्यंत.

मी बाकड्यावर उठून बसलोय. घामाने भिजलोय. रेडिओवर तेच गाणं, शेवटच्या कडव्यापर्यंतही आलेलं नाही. कागद खाली पडलाय.

मनगटावर वळ आहेत. एका बाजूला अंगठ्याचा. दुसऱ्या बाजूला तीन, आणि त्या तिघांच्या आधी एका बोटाची जागा कोरी.

खाली पडलेला कागद उचलतो. त्याला मागे दुसरं पान टाचलंय, मतदान केंद्रातल्या वहीची नक्कल. ते मी वाचलंच नव्हतं. तुमच्या माणसानेही वाचलं नसावं. ओळ अशी: "एल्डन प्रॉस्पर, गिरणी रस्ता. उजवी तर्जनी. शाई लावली."

मी सही करत नाही. घाबरलोय, खोटं कशाला बोलू. परवाना काढून घ्या, बोटीत बसवा. पण उद्या हे पान घेऊन मी कोर्टात येतोय, मिस आयोनालाही आणतोय, आणि न्यायाधीशांसमोर तुम्हाला एकच विचारणार आहे. त्या दिवशी शाईत कुणाचं बोट बुडवलंत? उत्तर द्या.