नावाची रिकामी जागा

सबिरा एजेने, म्हणजे आमच्या सबिराताईने, सव्वीस वर्षं नारिन गावच्या बसमध्ये तिकिटं तपासली. त्यामुळे फुकट प्रवास करणारा आणि फुकट काम करणारा, दोघांवरही तिचा सारखाच संशय. नेमकं अशाच बाईला आमच्या संस्थेने स्वयंसेवक सांभाळायला ठेवलं. मी पडलो संस्थेचा ड्रायव्हर, मला कोण विचारतो?

काम तसं साधं. गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे आमच्या बाया आठवड्यातून दोनदा जातात, शेगडीत कोळसा भरतात, गरम जेवण करून घालतात, तासभर बोलत बसतात. पूर्वी काम झालं की चहा पिऊन आपापल्या घरी जायच्या. एजेने चिठ्ठी भरायची पद्धत सुरू केली. कोण गेलं, कोणाकडे गेलं, किती वाजता, काय केलं, सगळं लिहायचं. "जाते म्हणाली आणि गेली, हे कशावरून?" हा तिचा लाडका प्रश्न. आमच्याकडे सगळं गाव मिळून एखाद्याचं घर बांधून देतं, तिथे कधी कोणी हजेरी घेतल्याचं मी ऐकलं नाही. पण एजेपुढे बोलायची सोय नव्हती.

नुरझातच्या चिठ्ठीत कोणाकडे गेलं ती जागा नेहमी रिकामी. पोर पंचविशीची, लग्नाला दोन वर्षं झालेली, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. मंगळवारी आणि गुरुवारी ती पुलापलीकडच्या कचकिनबाय आजोबांकडे जायची. एका शुक्रवारी एजेने चिठ्ठ्यांचा गठ्ठाच तिच्यापुढे आपटला आणि म्हाताऱ्याचं नाव विचारलं. पुलापलीकडचे आजोबा, एवढंच ती म्हणाली. पुन्हा विचारलं तेव्हा तिने मान खाली घातली आणि डोक्याचा रुमाल उगाचच नीट केला.

"बघितलंस?" ती गेल्यावर एजे मला म्हणाली. "वर्षभर ज्याला जेवू घालते, त्याचं नाव हिला माहीत नाही. उंबरा तरी ओलांडला असेल का हिने?"

कुठेतरी पाणी मुरतंय असं मलाही वाटलं, आणि मी तसं बोललोही.

सोमवारी आम्ही दोघं आजोबांकडे गेलो. त्यांना दिसतं कमी, ऐकू त्याहून कमी. नुरझात येते का, असं एजेने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"कोण नुरझात? इथे माझी सून येते फक्त."

आमच्या कागदांवर तर म्हाताऱ्याचं लग्नच झालेलं नव्हतं. मग सून कुठून उगवली? गाडीत बसेपर्यंत एजेचा निकाल तयार होता. कोणी लबाड बाई सून म्हणवून घर लाटायला टपली आहे आणि नुरझात तिला सामील आहे. संध्याकाळी तिने फोन करून नुरझातला यादीतून काढलं. खोट्या चिठ्ठ्या आणायच्या असतील तर दुसरं दार बघ, असं वर ऐकवलं. पलीकडून नुरझात फक्त "बरं" म्हणाली. एजेला ती गुन्ह्याची कबुलीच वाटली.

मंगळवार उजाडला आणि आजोबांकडे पाठवायला दुसरी बाई मिळेना. बाहेर उणे वीस. शेगडी विझली तर म्हातारा दुसरी सकाळ बघणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. एजे स्वतःच निघाली. ती लबाड सून हाताला लागेल ही आशाही होतीच.

दार ढकललं तर घर उबदार. नुरझात शेवया कापायला पोळी लाटत बसलेली.

"ही बघा माझी सून," आजोबा कौतुकाने म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे म्हातारी माणसं गल्लीतल्या कुठल्याही तरण्या लग्न झालेल्या पोरीला सूनच म्हणतात.

"तुला काढलं होतं ना?" एजेने विचारलं.

"यादीतून काढलंत. यांनी कुठे काढलं?"

"मग चिठ्ठीवर यांचं नाव का लिहीत नाहीस?"

नुरझातने आवाज खाली आणला. "माझ्या सासऱ्यांचंही हेच नाव आहे, एजे. जे तोंडाने घेत नाही ते हाताने कसं लिहू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एजेचं एक सोडा, तिचा नवरा अनाथाश्रमात वाढलेला, सासर म्हणजे काय हे तिला माहीतच नाही. पण माझ्या बायकोने वीस वर्षांत माझ्या बापाचं नाव एकदाही घेतलेलं नाही, आणि मला गाढवाला हे सुचू नये?

एजे तिच्यासमोर येऊन बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकले नव्हते. "उद्याच तुझं नाव परत यादीत घालते."

नुरझातचं लाटणं थांबलं नाही. "आजोबांकडे मी येईन, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. पण तुमच्या यादीत नको, एजे. रोज पुरावा देत राहणं मला जमायचं नाही."

 समोर आलेला शेवयांचा वाडगा एजेने मुकाट्याने संपवला.

आता त्या घराची चिठ्ठी एजे स्वतः भरते. आजोबांचं नाव, वार, वेळ, काम, सगळं ठसठशीत अक्षरात. कोण गेलं, ती जागा मात्र रिकामी सोडते. आणि नुरझात खरंच गेली का, हे तिने मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.