भित्र्यांचं भाजी मंडळ

भाद्रपदात काकडीच्या वेलाकडे दोन दिवस बघितलं नाही की पानांखाली सात काकड्या सापडतात. आमच्या भाजी मंडळातले किस्से तसेच. आपलं लक्ष नसतं आणि ते वाढत बसतात. परवा एकानं विचारलं, "नाना, वर्षभर तुमचं मंडळ करतं तरी काय?"

मी म्हटलं, "घाबरतं!"

खोटं नाही सांगत. महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या हौशी भाजीवाल्यांचं हे मंडळ. मी त्याचा सेक्रेटरी. शाळेच्या प्रयोगशाळेत अटेंडंट म्हणून नोकरी केली, तिथे ॲसिडच्या बाटलीला घाबरायचो. इथे माकडांना घाबरतो, पुराला घाबरतो, दरडीला घाबरतो. त्यात गेल्या वर्षी आम्हा सगळ्यांच्या भीतीला एकच पत्ता होता: कापडे गावच्या इंदूवहिनींचं घर.

घर वाडीपासून सुटं, डोंगराच्या पायथ्याला. वर डोंगराला भेग पडलेली. नवरा मुंबईला, घरात वहिनी आणि त्यांचे सासरे आबा. पावसाळ्यापुरतं शाळेत राहायला जायचं असं सगळ्यांचं म्हणणं. आबांचं म्हणणं वेगळं. "माझ्या पडवळाचा मांडव कोण बघणार?" मंडळाच्या प्रदर्शनात पडवळाला दरवर्षी पहिला नंबर त्यांचाच. आबा हलेनात, आणि त्यांना सोडून वहिनी हलेनात.

*

पेरणीआधी आमची बियाण्यांची सभा असते. ज्यानं त्यानं आपलं बी पुड्या बांधून आणायचं आणि वाटायचं. आबा आले नाहीत, पण वहिनींच्या हाती पडवळाच्या बियांच्या वीसेक पुड्या पाठवल्या. छान, जाड कागदाच्या!

मी माझी पुडी उघडली. आत चार बिया, आणि कागदावर छापलेलं: "जीवितहानी झाल्यास".

मी पुडी चटकन मिटली. शेजारी आमचे अध्यक्ष हमीदभाई बसले होते. महाडचे ट्रान्सपोर्टवाले, बारा वर्षं गल्फमध्ये काढलेला धिप्पाड माणूस. त्यांच्या पुडीवर होतं: "तात्काळ स्थलांतर करावे". सगळ्यांनी आपापल्या पुड्या जुळवल्या तेव्हा कळलं, आबांनी तालुक्याहून आलेली नोटीस फाडून तिच्या पुड्या केल्या होत्या!

वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "कागद मजबूत हाय म्हणाले. बी भिजायचं नाय."

*

आमच्याकडे कोवळ्या फळाला कोणी बोट दाखवत नाही. दाखवलं की ते कुजतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवायचं. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, पण भीतीच्या वेळी माणूस विसरतो.

आषाढात सावित्रीला पाणी चढलं. हमीदभाईंचा दुधी गच्चीवर, पिंपात लावलेला. नुकतं एक फळ धरलं होतं, करंगळीएवढं. खालच्या गल्लीत पाणी शिरलं तशी गल्ली उठून त्यांच्या गच्चीवर आली. बाया, म्हातारे, दोन शेळ्या. मीही होतो. पाणी दिसलं की प्रत्येकाचा हात उठायचा, "ते बघा, तिथपर्यंत आलं!" आणि मध्ये उभा तो दुधी.

हमीदभाई ओरडले, "मुठी बंद! सगळ्यांनी मुठी बंद करायच्या!"

दुपार सरेपर्यंत आम्ही चाळीस माणसं गच्चीवर मुठी आवळून उभी होतो. समोरच्या दुकानाची पायरी बुडाली, मग कडी बुडाली, मग कुलूप. एक आजी तेवढी कोपरानं दाखवत होती, "ते बघ, माझं पिठाचं डबडं चाललं!"

पाणी उतरलं. घरोघरी गाळ काढायला आठवडा गेला. दुधीला मात्र काही झालं नाही.

*

श्रावणात परीक्षक साहेब वेलांची पाहणी करायला येतात. कृषी कॉलेजातले, सज्जन माणूस, पण शिकवायची सवय. वाक्यागणिक बोट! मागच्या खेपेला त्यांनी एका बाईच्या सगळ्या कारल्यांना बोट दाखवलं होतं, आणि ती बाई प्रदर्शनाला आलीच नाही.

म्हणून ह्या वेळी आम्ही बंदोबस्त केला. साहेब गाडीतून उतरले की उजव्या हातात नारळ, डाव्या हातात चहा. चहा संपला की दुसरा चहा. पाच गावं, अकरा मांडव. साहेबांनी अखेर हनुवटीनं भाज्या दाखवायला सुरुवात केली.

जाताना म्हणाले, "नाना, तुमच्याकडची माणसं फार प्रेमळ. नुसतं मोकळं सोडत नाहीत!"

*

खेडच्या मंडळानं त्यांच्या प्रदर्शनाला बोलावलं. हमीदभाईंचा दुधी आता मांडीएवढा झाला होता. कशेडीचा बोगदा त्या दिवशी बंद, म्हणून जुन्या घाटानं निघालो. जीपमध्ये पुढे हमीदभाई, मागे मी आणि गोधडीत गुंडाळलेला दुधी.

अर्ध्या घाटात ट्रकांची रांग थांबलेली. वरून बारीक खडे येत होते, टपावर टिकटिक वाजत होते. मग एक जरा मोठा आला. मी डोळे मिटून दुधीवर आडवा पडलो.

हमीदभाईंनी आरशात बघितलं. "नाना, दुधीला वाचवताय का त्याच्या आड लपताय?"

रांग सुटेपर्यंत मी काही उठलो नाही.

*

पाऊस चढला की मी कापड्याला फोन लावायचो. पण डोंगराचं विचारायला जीभ रेटायची नाही. म्हणून विचारायचो, "वहिनी, पडवळ कसं आहे?"

"हाय जागेवर," वहिनी म्हणायच्या. मला तेवढं पुरायचं.

मग कळलं की हमीदभाईही फोन करून हेच विचारतात. कारलेवाली बाईपण. एकदा वहिनी वैतागल्या, "दिवसाला सात फोन येतात, नाना. आबा म्हणतात, एवढी चौकशी माझी कधी कोणी केली नाय!" हसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "पण करत जावा. मला बरं वाटतं."

*

पडवळ तोडून आणताना मोडतं, म्हणून आमच्यात ते वेलावरच मोजायचा नियम आहे. गणपती आठवड्यावर आले होते. मी आणि हमीदभाई टेप घेऊन कापड्याला गेलो. पाऊस थांबला होता, पान हलत नव्हतं.

पडवळ वेटोळं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. आबांनीही बांधला होता. मांडवाचा खांब त्यांनी स्वतः ओळंबा लावून रोवलेला, आणि पडवळ दरवर्षी त्या खांबाला घासून खाली सोडलेलं.

मी स्टुलावर चढून टेपचं वरचं टोक धरलं. हमीदभाई खाली बसले आणि म्हणाले, "आबा, खांबाला घासून कुठाय? खाली वीतभर फट हाय."

"फट? परवा बघितलाय मी!" आबा चिडून आले. त्यांनी फटीत हात घातला. दगड दोन बोटांनी धरून थांबवला आणि सोडला. दगड हलला नाही, ओळंब्यासारखा सरळ लोंबत राहिला. मग त्यांनी बाकीचे खांब पाहिले, घराची मागची भिंत पाहिली. डोंगराकडे त्यांनी बघितलंच नाही.

"नाना, उतर खाली," आबा म्हणाले. "इंदू, म्हस सोड."

वहिनी बघतच राहिल्या. "आबा, जायाचं म्हणताय?"

"म्हस सोड म्हटलं ना गो!"

त्यांनी कोयत्यानं पडवळ कापलं, दगड सोडला, पडवळ खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. शाळेत पोहोचल्यावर बघतो तर टेप माझ्या मुठीतच, आणि मूठ काही केल्या उघडेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगर खाली आला. घर, गोठा, मांडव, काही दिसत नव्हतं. वहिनी दोन्ही हात तोंडावर धरून रडल्या.

प्रदर्शन रद्द करायचं ठरत होतं. आबांनीच निरोप धाडला, "घ्या. पडवळ वाळंल." दुसऱ्या दिवशी ते स्वतः घेऊन आले.

साहेबांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पडवळ टेबलावर ठेवलं, मोजलं, पट्टी लावून पाहिली.

"आबा, इतकं सरळ पडवळ मी आजवर बघितलं नाही. कसं जमवलंत?"

आबांनी पडवळावरून हात फिरवला.

"सरळ हे एकटंच होतं, सायेब. खांब, घर, मी... आमी सगळी कललेली!"