राखणीचा कोयता

कापडे गावात राखणीचा बोकड कापायचा मान येसाजीच्या घराण्याचा. पावसाआधी गावदेवीला राखण, म्हणजे गाव राखण्यासाठी बळी, द्यायची. कापणाऱ्याने आदल्या दिवशी उपास धरायचा, बोकडाच्या कानात ‘माफ कर’ म्हणायचं, एका घावात काम संपवायचं आणि त्या मटणाचा तुकडाही तोंडात घालायचा नाही. तीस वर्षं येसाजीने हे मुकाट्याने केलं. सन एकोणीसशे तीसमध्ये त्याचा उजवा हात थरथरायला लागला. पोटी मूल नव्हतं, म्हणून कोयता पुतण्याला, मुरारीला द्यायचं ठरलं.

त्याच उन्हाळ्यात महाडला तंबूत मुका सिनेमा आला. मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला मुरारी काकाला ओढून घेऊन गेला. पडद्यावर एक झकपक कोटवाला एकेका मित्राचा गळा कापायचा आणि पांढऱ्या रुमालाने सुरी पुसायचा. मग पाटी यायची आणि तंबूवाल्याचा माणूस ती मोठ्याने वाचायचा: “मरण ठरलेलंच आहे. मी फक्त वेळ ठरवतो.” अर्ध्या तंबूने टाळ्या कुटल्या, अर्ध्याने पडद्यावर खडे मारले. येसाजी बाहेर जाऊन ओकला. गळा कापूनही अंगावर शिंतोडा नाही, कपाळाला घाम नाही, आणि वर हे शहाणपण. किळस येईल नाहीतर काय होईल?

परतताना मुरारी म्हणाला, “काका, पण तो खोटं काय बोलला?” येसाजी अधिकच भडकला आणि त्याला मागे टाकून झपाझप चालू लागला.

राखणीला मुरारीने उपास धरला, बोकडाची माफीही मागितली. घाव असा बसला की जनावराला कळलंसुद्धा नाही. मग त्या दीडशहाण्याने खिशातून रुमाल काढला, पातं पुसलं आणि हसून म्हणाला, “मी फकस्त येळ ठरवली.” तरणी पोरं खिदळली, म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या.

“दे इकडं कोयता,” येसाजी म्हणाला. “देवीच्या दारात नाटकं करतोस? मी जिता हाय तवर परत हात लावायचा नाय.”

“जनावराला तरास झाला काय, ते सांगा की.”

येसाजीने कोयता हिसकावून घेतला.

गावात दोन तट पडले ते वर्षभर मिटले नाहीत. बयाबाई, येसाजीची बायको, रोज सांगायची, “हात बघा आपला. भाकर धरवत नाय.” पण मान त्याचा, त्याला अडवणार कोण?

पुढच्या राखणीला पहिला घाव खांद्यावर गेला. दुसरा मानेत अर्धाच रुतला. बोकड ओरडत फरफटत गेला, बायांनी पदर तोंडात कोंबले. मुरारी पुढे आला, या वेळी खाली मान घालून. “द्या काका. मी काय बोलणार नाय.”

येसाजीने त्याला कोपराने ढकललं आणि तिसरा घाव घातला. मग चौथा. रक्त धोतरावर, मिशांवर उडालं होतं. तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. तरी कोयता त्याने सोडला नाही. पुढे सहा वर्षं सहा बोकडांनी ते भोगलं.