दादरचा पत्ता

माझ्या बायोडेटावर कितीतरी वर्षं दादरचा पत्ता होता. दादरला मी एक दिवसही राहिले नाही. तिथे राहायची माझी आत्या.

पहिला बायोडेटा मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका टायपिंगच्या दुकानात करून घेतला. मी पत्ता सांगायला लागले तसे दुकानदारकाका थांबले. "बेटा, बदलापूर मत लिखो. बोलेंगे रोज लेट आएगी. बॉम्बे में कोई रिश्तेदार नहीं है क्या?" माझ्याआधी किती बदलापूरकरांना त्यांनी असं मुंबईत नेऊन बसवलं होतं, कोण जाणे.

आत्याने हे काम फारच मनावर घेतलं. कंपनीचा फोन आला की तिचं उत्तर ठरलेलं, "अंघोळीला गेलीय, पंधरा मिनिटांनी करा." मग ती बदलापुरात, आमच्या कुळगावच्या शेजाऱ्यांकडे फोन करायची, आई धावत निरोप घेऊन यायची आणि मी धापा टाकत कंपनीचा नंबर फिरवायचे. एका इंटरव्ह्यूला साहेबांनी विचारलंच, "तुमच्याकडे पाणी बरंच येतं वाटतं?" ती नोकरी मला मिळाली. आत्याने तिच्या सगळ्या शेजारपाजारात पेढे वाटले.

पुढे आत्या गेली. मी नोकऱ्या बदलल्या, पत्ता मात्र तसाच राहिला.

यंदा कंपनीने आमची अख्खी टेस्टिंगची टीम घरी बसवली. घरात पगार माझ्या एकटीचा, मुलीचं कॉलेज चालू, आणि पंचेचाळिशीत पुन्हा नोकरी शोधायची म्हणजे जिवावर येतं. शिवाय बायोडेटा आता आधी एआय वाचतं आणि तुम्ही त्या नोकरीशी जुळता का ते सांगतं. मीही माझा एका साइटवर चढवला. अंबरनाथच्या एका कंपनीची जागा दिसली. सगळं काम मला येणारं, घरून स्कूटरने जाण्यासारखं. एआयने कळवलं, अनुभव जुळतो, ठिकाण जुळत नाही. त्यांना जवळपास राहणारं माणूस हवंय आणि तुम्ही राहता दादरला.

मला हसूच फुटलं. मग रागही आला. ज्या गावाचं नाव लपवून आम्ही नोकऱ्या मिळवल्या, तेच आता यांना हवं होतं! पण तो पत्ता खोडायला हात धजेना. आत्याचं घर विकलं गेलंय, तिचा फोन कधीच बंद झालाय. तिची तेवढीच एक गोष्ट माझ्या रोजच्या व्यवहारात उरली होती. शेवटी खोडला आणि 'कुळगाव, बदलापूर' लिहिलं. फार वाईट वाटलं.

या वेळी जुळलं. मुलाखतही झाली. मग काही दिवस नुसती शांतता. माझा जीव टांगणीला लागलेला.

एका सकाळी मी बाथरूममध्ये असताना बाहेर मोबाइल वाजला. आईने उचलला. तिचा आवाज आतपर्यंत आला, "अंघोळीला गेलीय हो ती. पंधरा मिनिटांनी करता का?"

मी तशीच ओल्या केसांनी बाहेर आले. आई मोबाइल हातात धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"कंपनीचा होता," ती म्हणाली. "या वेळी खरं तेच सांगितलं गं."

मी फोन लावला. सोमवारपासून या, म्हणाले. फोन ठेवला आणि आत्याला कळवायला बोटं आपोआप दादरचा नंबर दाबू लागली.